दिल्लीचा हिवाळा टाळून कोकणात चार महिने राहण्याविषयी

यमुनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालो असून पत्नीसह अनेक वर्षे पश्चिम दिल्लीत राहत आहे. माझे वय ७२ आहे, पत्नी माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे. मला श्वासनलिकेचा जुनाट विकार, म्हणजे डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात तो, आहे आणि पत्नीचे गुडघे थंडीत फार दुखतात. दिवाळीच्या सुमारास शेतातील पराली, म्हणजे कापणीनंतर उरलेले खुंट, जाळण्याचा धूर, वाहनांचा धूर आणि पडलेला वारा हे सारे एकत्र येते आणि हवेचा निर्देशांक ४०० च्या पुढे, म्हणजे ‘गंभीर’ या वर्गात जातो. मग पुढचे कितीतरी आठवडे आमचे जीवन बंद खिडक्यांच्या आत आणि हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राजवळ जाते. सकाळचे फिरणे बंद होते, मित्रांच्या भेटी बंद होतात आणि जानेवारीत पारा ४-५ अंशांपर्यंत उतरला की पत्नीला जिना उतरणेही कठीण होते. हिवाळ्याचे महिने दिल्लीबाहेर, उबदार आणि स्वच्छ हवेत काढावेत, असे आमच्या डॉक्टरांनी या वर्षी स्पष्टच सांगितले आहे.

आमचे मूळ गाव सांगलीकडचे असल्यामुळे कोकणात आमचे स्वतःचे घर नाही आणि जवळचे नातेवाईकही नाहीत. तरीही दोघांच्याही मनात कोकणच आहे. दिवाळी आटोपली की निघावे आणि शिमग्यानंतर परतावे, असा विचार आहे. रत्नागिरी शहराजवळ राहावे की मालवण-कुडाळच्या बाजूला, हे ठरत नाही. चार महिन्यांसाठी घर कसे पाहावे, नोव्हेंबरमधील हयातीच्या दाखल्याचे आणि सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या, औषधांचे काय करावे, तेथे आमच्या वयाच्या माणसांचा दिवस कसा जातो आणि गुडघ्यांना झेपेल असा प्रवास कोणता करता येईल, यांविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. पर्यटक म्हणून चार दिवस राहणे आम्हाला ठाऊक आहे. तेथे घर मांडून राहणे कसे असते, हे जाणून घ्यायचे आहे.

भाट्ये-किनारा

यमुनाकाठ, नमस्कार. मी मुंबईतील नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर रत्नागिरीजवळ स्थायिक झालो आहे आणि मलाही दम्याचा त्रास आहे, त्यामुळे आपला प्रश्न मी फार आस्थेने वाचला. सर्वांत आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती पाहुण्यांना कोणी सांगत नाही. कोकणाची हवा दिल्लीच्या तुलनेत निःसंशय चांगली आहे, परंतु ती प्रत्येक वाडीत आणि दिवसाच्या प्रत्येक प्रहरी सारखी नसते. श्वसनाच्या रुग्णाने गाव निवडण्यापेक्षा घराची नेमकी जागा निवडणे अधिक महत्त्वाचे आहे.

याचे मुख्य कारण भाजावळ. पुढच्या पावसाळ्यातील भाताचा तरवा, म्हणजे रोपे, जिथे पेरायचा, त्या जमिनीवर कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून ते जाळण्याची पद्धत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ही कामे थंडीच्या उत्तरार्धापासून सुरू होतात आणि माघ-फाल्गुनात सगळीकडे चालू असतात. बागायतींमध्येही झाडांखालचा पाला गोळा करून सकाळी किंवा तिन्हीसांजेला पेटवतात, शिवाय अनेक घरांमागे अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटलेली असते. शेतकऱ्याला यात दोष देता येत नाही, कारण त्याच्या वर्षाच्या कामाचा तो भाग आहे. मात्र ज्याची फुप्फुसे अगोदरच दुर्बळ आहेत, त्याने हे जाणूनच घर घ्यावे. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, तेव्हा किनाऱ्यालगतची हवा उत्तम असते. रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात आणि आतल्या वाड्यांमधला धूर पहाटेपर्यंत किनाऱ्याकडे उतरून सखल भागात साचतो. म्हणून खोलगट जागेतील, दाट झाडीत वेढलेले घर कितीही रम्य दिसले तरी ते आपल्यासाठी नाही. सड्यावरचे, म्हणजे उंच कातळी पठारावरचे, किंवा समुद्राकडे तोंड असलेले, मोकळ्या वाऱ्याचे घर पाहावे. ते पाहायलाही दुपारी जाऊ नये, तर सकाळी सात वाजता आणि पुन्हा संध्याकाळी दिवेलागणीला जावे. जवळपास चिऱ्याची (बांधकामाच्या जांभ्या दगडाची) खाण आहे का आणि चिऱ्याचे ट्रक त्याच रस्त्याने जातात का, हेही विचारावे, कारण त्या लाल धुळीचा त्रास धुराइतकाच होतो.

दुसरी बाब बुरशीची. पावसाळाभर बंद राहिलेल्या घराच्या भिंती, गाद्या आणि कपाटे यांना बुरशी लागलेली असते. मालकाकडून घर उघडून, झाडून, गाद्या उन्हात टाकून घेतल्यानंतर निदान आठवडाभर खिडक्या उघड्या राहू द्याव्यात आणि मगच तेथे राहायला जावे. पत्नीच्या गुडघ्यांसाठी तळमजला, घरातच असलेला कमोडचा संडास आणि घरापर्यंत रिक्षा येईल असा रस्ता या तीन अटी सोडू नयेत, कारण कोकणातील अनेक सुंदर घरे पाखाडीच्या पायऱ्या उतरल्याशिवाय गाठता येत नाहीत. वीज अधूनमधून जाते, म्हणून वाफ घेण्याचे यंत्र चालेल इतक्या क्षमतेचा इन्व्हर्टर असावा.

माझी सूचना अशी की, सुरुवातीचे पंधरा दिवस पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेतील एखाद्या घरी राहावे आणि तेथून फिरून भाड्याचे घर निश्चित करावे. दिल्लीत बसून छायाचित्रांवरून ते ठरवू नये. करार तोंडी ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मग मुदत चार महिन्यांची का असेना, आणि नोंदणी करून देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलेली आहे. हे काम आता आधारच्या साहाय्याने ऑनलाइन होते. त्यासोबत भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते.

काळाविषयी थोडेसे. ऑक्टोबरच्या उकाड्यानंतर नोव्हेंबरच्या मध्यापासून हवा सुखद होऊ लागते आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, पण बोचरी थंडी नसते. फेब्रुवारी संपता संपता मात्र पूर्वेकडून कोरडे वारे सुटले की दुपारी पारा ३५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत दुपारी घराबाहेर पडू नये.

निवृत्त_लेखापाल

भाट्ये-किनारा यांनी घराविषयी इतके नेमके लिहिले आहे की त्यात भर घालण्यासारखे फारसे नाही. मी कागदपत्रांपुरते लिहितो.

हयातीच्या दाखल्यासाठी दिल्लीतील बँकेत हजर राहण्याची गरज नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ या पद्धतीने तो देशात कोठूनही देता येतो. पूर्वी बोटांचे ठसे द्यावे लागत आणि वयामुळे ठसे पुसट झालेल्या निवृत्तिवेतनधारकांची फार अडचण होत असे. २०२१ पासून मात्र मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून प्रमाणीकरण होते. तेही जमले नाही तर डाक विभागाच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन अल्प शुल्कात दाखला करून देतो. निघण्यापूर्वी एवढेच पाहावे की आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशातील तपशील हाताशी आहेत. ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची सवलत आहे, परंतु आपल्याला नोव्हेंबर महिनाच लागू होईल, म्हणजे हे काम कोकणात पोहोचल्यावर करावे.

सीजीएचएसची बाब अधिक विचार करण्यासारखी आहे, कारण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत त्याचे वेलनेस सेंटर, म्हणजे दवाखाना, नाही. जुनाट आजारावरची औषधे तीन महिन्यांपर्यंतची एकदम मिळू शकतात, त्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तसा कालावधी लिहून घ्यावा. उरलेल्या काळासाठी पणजी, पुणे किंवा मुंबई येथील केंद्रातून आपल्याच कार्डावर औषधे घेता येतात, आणि आपण मालवणच्या बाजूला राहणार असाल तर पणजी सोयीचे पडेल. आकस्मिक प्रसंगी यादीबाहेरच्या खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले तरी खर्चाची प्रतिपूर्ती मागता येते. मात्र रुग्ण तातडीच्या अवस्थेत दाखल झाला होता, असे त्या रुग्णालयाचे प्रमाणपत्र, डिस्चार्जचा कागद आणि मूळ बिले जपून ठेवावी लागतात. त्या गडबडीत हे कोणाला सुचत नाही, म्हणून ही गोष्ट कागदावर लिहून सीजीएचएस कार्डाच्या पाकिटातच ठेवावी.

सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, हे आपण ऐकले असेल. परंतु सीजीएचएसच्या लाभार्थ्याला दोहोंपैकी एकाचीच निवड करावी लागते. केवळ चार महिन्यांच्या सोयीसाठी सीजीएचएस सोडण्याचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घेतलेली नसेल, तर ती निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

कर्लीकाठ

काका, नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका असून मालवण तालुक्यात राहते. आमच्याकडे दरवर्षी मुंबई-पुण्याकडची काही वयस्कर जोडपी थंडीपुरती येऊन राहतात, त्यामुळे त्यांचा दिवस कसा जातो ते मी जवळून पाहिले आहे. घराची आणि कागदांची माहिती वर आलीच आहे, म्हणून मी माणसांविषयी लिहिते. पुष्कळांना समुद्राचा आनंद पहिल्या महिन्यात भरपूर मिळतो आणि दुसऱ्या महिन्यात संध्याकाळी करमेनासे होते. ज्यांनी आल्याबरोबर गावाशी संबंध जोडला, ते मात्र परत जायला नाखूष असतात. वाचनालयाचे सभासद व्हा. रत्नागिरीस राहिलात तर १८२८ मध्ये स्थापन झालेले तेथील नगर वाचनालय आहेच, आणि आमच्या बाजूच्या लहान गावांतही वाचनालये चांगली चालतात. वर्तमानपत्र तेथेच जाऊन वाचा, घरी लावू नका. ओळखी तेथूनच होतात.

सकाळी ऊन वर आल्यावर, म्हणजे साधारण आठनंतर फिरायला निघावे, तोवर दव आणि धूर दोन्ही निवळलेले असतात. ओहोटीच्या वेळी ओली वाळू घट्ट असते आणि दुखऱ्या गुडघ्यांना ती पुळणीतल्या कोरड्या वाळूपेक्षा पुष्कळ सोपी जाते, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा घरातल्या दिनदर्शिकेत पाहून फिरण्याची वेळ ठरवावी. मासे खात असाल तर रापणीचे (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यातले) किंवा होडीवरून नुकतेच उतरलेले बांगडे, तारल्या, सौंदाळे घ्यावेत. खात नसाल तरी थंडीत आमच्याकडे काही उणे नसते, कारण भात कापून झाल्यावर पाण्याची सोय असलेल्या मळ्यांत लाल माठ, मुळा, चवळी, वांगी अशी वायंगणी भाजी लावतात आणि ती शेजारच्याच बाईकडून सकाळी ताजी मिळते. कुळथाचे पिठले आणि गरम भात हे थंडीतले जेवण तर आपल्या पत्नीला नक्की आवडेल.

आपण येणार तो काळ सिंधुदुर्गात जत्रांचा असतो. कार्तिकापासून गावोगावच्या देवळांत जत्रा सुरू होतात आणि प्रत्येक जत्रेला रात्री दशावतार हे लोकनाट्य असते. रात्रभर बसण्याची गरज नाही. गणपतीचे आणि संकासुराचे पूर्वरंगातले प्रवेश पाहून, आख्यान थोडेसे ऐकून, कानाला मफलर बांधून घरी यावे. कसलीही संहिता हाती न घेता, ऐन वेळी सुचलेल्या शब्दांत राजा आणि राक्षस एकमेकांशी वाद घालतात, तेव्हा आमच्या साध्या शेतकरी नटांच्या तोंडून जी मराठी येते, ती ऐकण्यासाठी मी आजही कितीही लांब जाते. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा मात्र आपण गर्दीच्या दिवशी करू नये. तिचा दिवस तिथीवर नव्हे तर देवीच्या कौलावर ठरतो आणि त्या दिवशी लाखो माणसे लोटतात. आपल्या श्वासाला ती धूळ आणि रेटारेट झेपणार नाही. इतर दिवशी जाऊन शांतपणे दर्शन घ्यावे.

प्रवासाचे म्हणाल, तर आठवड्यातून एकच ठिकाण ठेवावे आणि मधे विश्रांती घ्यावी. सावंतवाडीचा मोती तलाव आणि राजवाड्यातील गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे कलावंत, कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रे दाखवून कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या, १५३० मध्ये बांधलेला धामापूरचा तलाव ही सर्व ठिकाणे फारसे चढ-उतार न करता पाहता येतात. पिंगुळीस अवश्य जा. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तरी बाहेरून येणारे पर्यटक तिकडे फारसे वळत नाहीत, याचे मला वाईट वाटते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाण्यासाठी होडीत चढ-उतार करावा लागतो, तेव्हा पत्नीच्या गुडघ्यांची त्या दिवशीची स्थिती पाहूनच ठरवावे. राज्यात एसटीच्या गाड्यांत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पण आपल्यासाठी दिवसभराची रिक्षा ठरवणेच बरे.

यमुनाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. भाजावळीविषयी मला काहीच माहिती नव्हती आणि डॉक्टरांनाही ती असणे शक्य नाही. आता दोन गोष्टी विचारतो. मालवण-देवबागसारख्या किनाऱ्यावर घर घेतले, तर रात्री अचानक श्वास लागल्यास रुग्णालय किती लांब पडेल? आणि दिल्लीहून येण्या-जाण्यासाठी रेल्वे बरी की विमान?

निवृत्त_लेखापाल

रुग्णालयाच्या दृष्टीने माझे मत किनाऱ्यावरच्या घराच्या विरोधात आहे. किनाऱ्यावरची हवा चांगली, हे भाट्ये-किनारा यांचे म्हणणे खरे असले, तरी सीओपीडीच्या रुग्णाला रात्री दोन वाजता जी गोष्ट लागते ती ऑक्सिजन आणि डॉक्टर. सिंधुदुर्गात ओरोस येथे जिल्हा रुग्णालय आणि २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि गंभीर रुग्णांना बहुधा गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नेतात. त्यामुळे कुडाळ किंवा ओरोसच्या आसपास, महामार्गाजवळ पण त्यापासून थोडे आत, उंच आणि मोकळ्या जागी घर घ्यावे, आणि समुद्रावर सकाळी फिरायला रिक्षाने जावे. रत्नागिरी पसंत केलीत तर हा प्रश्न बराच सुटतो, कारण तेथे समुद्र, जिल्हा रुग्णालय आणि शहर ही तिन्ही एकत्र आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दोन्ही जिल्ह्यांत आहे, तथापि राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरांना भेटून आपली कागदपत्रे दाखवून ठेवावीत.

भाट्ये-किनारा

वरील मताशी मी सहमत आहे, आणि म्हणूनच आपल्या बाबतीत मी रत्नागिरी शहराचा, विशेषतः समुद्राकडच्या सड्याचा आग्रह धरीन. थिबा राजवाडा त्याच बाजूला आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १९१६ मध्ये मरण पावला तो याच शहरात, आणि त्याच्या राजवाड्याजवळून खाली खाडी आणि समुद्र जिथे मिळतात ते दृश्य संध्याकाळी बसून पाहता येते. तेथे बसायला बाके आहेत आणि चढ नाही. फेब्रुवारीपासून पुढे वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहता येतात, परंतु ते मंडणगड तालुक्यात असल्यामुळे वाटेत गुहागर किंवा दापोलीस मुक्काम करावा. जयगड-तवसाळ आणि दाभोळ-धोपावे येथे गाडीसह खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटी आहेत. त्यांमुळे घाटवळणांचा फार मोठा वळसा टळतो आणि पत्नीलाही पाय मोकळे करता येतात.

येण्यासाठी मी रेल्वे सुचवीन. हजरत निजामुद्दीनहून निघणारी मंगला एक्सप्रेस रोज रत्नागिरीस थांबते, एक रात्र गाडीत जाते आणि चार महिन्यांचे सामान विमानापेक्षा सहज नेता येते. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधीच उघडते, पूर्वीसारखे १२० दिवस नव्हे, आणि दिवाळीच्या आसपासची तिकिटे पहिल्याच सकाळी संपतात, म्हणून ती तारीख आजच दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, मात्र खालच्या बर्थचा राखीव कोटा चालू आहे. आपण दोघांचेच तिकीट स्वतंत्र काढावे, त्यात तरुण प्रवाशाचे नाव जोडू नये, म्हणजे खालचे बर्थ मिळण्याची शक्यता वाढते.

परतीचा मार्ग मात्र वेगळा ठेवावा. शिमग्याच्या पालख्या पाहून झाल्या की आंबा घाटाने कोल्हापूरमार्गे आपल्या सांगलीस जावे, तेथे आठ-दहा दिवस नातेवाइकांत राहावे आणि मिरजेहून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन गाठावे. ती गाडीही रोज आहे. तोपर्यंत दिल्लीतील थंडी सरलेली असेल आणि वारे वाहू लागल्यामुळे हवाही निवळू लागलेली असेल. जाताना आंब्याची पेटी भरून नेण्याचा विचार असेल तर एप्रिलपर्यंत थांबावे लागेल, कारण मार्चमध्ये निघणारा हापूस थोडा असतो आणि फार महाग पडतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आपण इथे पुन्हा लिहावे. तोवर सड्यावरची दोन-तीन घरे मी सकाळी आणि संध्याकाळी स्वतः जाऊन पाहून ठेवतो.